शब्दांच्या आधीची रेघ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बार्शीला आमच्या आपाच्या घरासमोरच्या ओट्यावर १९९१ साली एक इंजिन उभं होतं. शहाबादी फरशीवर पांढऱ्या खडूनं काढलेलं. बार्शीवरून तेव्हा छोटी गाडी धावायची. अडीच फुटी रुळांची, १८९७ साली सुरू झालेली 'बार्शी लाइट'. ओट्यावरचं इंजिन त्याच गाडीचं होतं. मुलं आगगाडी काढतात तेव्हा एक खोकं, त्याच्यामागे चार खोकी, खाली गोल चाकं आणि वर धुराचं वेटोळं काढतात. गाडी नेहमी बाजूनं दिसते. हे इंजिन मात्र समोरून अंगावर येत होतं. तोंड मोठं, मागचे डबे लहान लहान होत गेलेले, आणि रूळ लांब कुठंतरी एकमेकांना टेकलेले. काढणारा माझा भाचा होता, पाच वर्षांचा. त्याला त्या वेळी तीन शब्द येत होते: 'अम्मा', 'पानी' आणि 'नै'. 'गाडी' हा शब्द त्यानं तोवर एकदाही उच्चारलेला नव्हता.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेलो, एका मासिकात पहिली कविता छापून आलेली. शब्दांशिवाय माणूस कसला, असं मानण्याचं ते वय. त्या ओट्यावर मी जे पाहिलं आणि त्यानंतर जे केलं, त्याचा हिशेब मला नंतर पुस्तकांतून लागत गेला. त्या पुस्तकांतल्या माणसांविषयी आज बोलायचं आहे. भाच्याविषयी ओघानं येईलच.

आमच्या घरात त्याच्यासाठी नाव नव्हतं. मोहल्ल्यात 'मुका' म्हणत, शाळेत 'मंद'. 'स्वमग्न' हा शब्द आमच्यापर्यंत पोहोचायला आणखी बरीच वर्षं लागली. आणि पोहोचला तेव्हा कवी म्हणून मला तो खटकलाच. स्वतःत बुडालेला! ओट्यावर उकिडवा बसून इंजिनाच्या तोंडावरचे बोल्ट मोजून काढणारा मुलगा स्वतःत बुडालेला होता की इंजिनात? पण हा दोष मराठीचा नाही. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ऑटिझम' हा शब्द घडवला, तो प्रौढ रुग्णांच्या एका लक्षणासाठी. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तो उसना घेतला आणि अकरा मुलांना लावला. आठ मुलगे, तीन मुली. ही मुलं माणसांकडे पाहत नव्हती. वस्तू मात्र जिथल्या तिथं हव्यात म्हणून हट्ट धरत होती. दुसऱ्यानं उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणत होती. त्याच सुमारास व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनीही अशा मुलांवर लिहिलं, आणि या दोघांच्याही बरंच आधी, १९२५ मध्ये, रशियात ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी. त्यांचं नाव जगाला फार उशिरा कळलं. कॅनर यांचं मुख्य लक्ष या मुलांच्या बोलण्याकडे आणि वागण्याकडे होतं. चित्रं हा काही त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता.

चित्रं मात्र त्या नावाच्या आधीपासून होती. बर्न शहरात १७६८ साली जन्मलेला गॉटफ्रीड मिंड जेमतेम आपलं नाव लिहायचा, पण मांजरं अशी काढायचा की त्याला 'मांजरांचा राफाएल' म्हणत. आज आपण त्याला कोणता आजार होता हे ठरवायला बसू नये. मेलेल्या माणसाला पाटी चिकटवणं सोपं असतं. जेम्स हेन्री पुलन याच्याबद्दलही तेच. पण त्याची गोष्ट थोडी सांगितलीच पाहिजे, कारण तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

पुलन १८३५ चा, लंडनचा. सातव्या वर्षापर्यंत त्याला एकच शब्द येत होता, 'आई', तोही बोबडा. ऐकूही कमी येत असावं. पुढे तो सरे परगण्यातल्या अर्ल्सवूडच्या आश्रमात दाखल झाला. मतिमंद म्हटल्या जाणाऱ्यांसाठी ती मोठी संस्था होती. १९१६ मध्ये मरेपर्यंत तो तिथंच राहिला. तिथं तो सुतारकाम शिकला आणि रेखाटनं करत राहिला. त्याची कीर्ती झाली ती एका जहाजाच्या प्रतिकृतीमुळे. त्या काळच्या जगातलं सर्वांत मोठं जहाज 'ग्रेट ईस्टर्न'. त्याची प्रतिकृती त्यानं सात वर्षं खपून केली. हजारो रिव्हेट, तेरा होड्या, आतल्या खोल्यांतलं इवलं इवलं सामानसुद्धा त्यानं स्वतः घडवलं. पुलन सत्तरच्या दशकात त्या प्रतिकृतीत गुंतला होता. त्या दशकाच्या आरंभी, १८७० साली, खरी 'ग्रेट ईस्टर्न' मुंबईच्या बंदरात उभी होती. तिच्या पोटात तारायंत्राची केबल भरलेली होती आणि तिला मुंबई ते एडन अशी समुद्राच्या तळाशी तार टाकायची होती. खरं जहाज दोन खंडांना बोलतं करत होतं. त्याच जहाजाची प्रतिकृती करणारा माणूस तुटक तुटक बोलायचा, आणि तेही जवळच्यांनाच समजायचं.

मला त्या जहाजापेक्षा पुलनची दुसरी एक कृती जास्त भिडली. त्यानं आपलं आत्मचरित्र काढलं. लिहिलं नाही, काढलं. लहान लहान चौकटींच्या ओळी आणि प्रत्येकीत आयुष्यातला एक प्रसंग. लहान मुलगा होड्या करतो आहे, आश्रमात येतो आहे, हत्यारं हातात घेतो आहे. पुढे राजा झालेल्या युवराज एडवर्डनं त्याला कोरण्यासाठी हस्तिदंत पाठवले होते. मोठमोठे लोक त्याचं काम बघायला येत. पण त्या चौकटी बघून 'हा माणूस आपल्याशी बोलतो आहे' असं किती जणांच्या मनात आलं असेल? त्या काळी अशा माणसांसाठी शब्दच होता 'विद्वान मूढ'. तो रूढ करणारे डॉक्टर लँगडन डाऊन याच अर्ल्सवूडचे एके काळचे प्रमुख. ते सहृदय गृहस्थ होते, तरी शब्द तसाच निघाला.

आता १९६७ कडे येतो. हे वर्ष या इतिहासात गाठीसारखं आहे.

त्या वर्षी शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' म्हणजे 'रिकामा किल्ला' हे पुस्तक आलं. बेटलहाइम मूळचे व्हिएन्नाचे. दाखाऊ आणि बुखेनवाल्ड इथल्या नाझी छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत आले होते आणि शिकागो विद्यापीठाची मनोरुग्ण मुलांची निवासी शाळा चालवत होते. छावणीतला कैदी आशा सोडून आत मिटून जातो, तसंच हे मूल मिटलेलं आहे, अशी त्यांची मांडणी होती. मग छावणीचा पहारेकरी कोण? तर आई. जिला मूल नको होतं, जिनं माया दिली नाही ती आई. कॅनर यांनीही पूर्वी अशा आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहिताना शीतकपाटाची उपमा वापरली होती. बेटलहाइम यांनी त्या विचाराचा ग्रंथ केला, आणि त्या काळी तो गाजला.

त्या पुस्तकात जोई नावानं एक मुलगा येतो. त्याच्याविषयी बेटलहाइम यांनी १९५९ मध्येच 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलं होतं. जोईला वाटायचं, आपण यंत्र आहोत; वीज जोडल्याशिवाय आपल्याला जेवताही येणार नाही. तो चित्रं काढायचा आणि लेखासोबत ती छापलेली होती. आधीच्या चित्रात जोई विजेच्या तारांचा, पोकळीत लटकलेला, दुरून येणाऱ्या बिनतारी संदेशांवर चालणारा. पुढच्या चित्रात आकृती मोठी झालेली. त्यानंतरच्या चित्रात त्याला हात आले आहेत. बेटलहाइम यांनी या चित्रांतून मुलाचा वाढता आत्मविश्वास वाचला, आणि ते वाचन मनाला पटतंसुद्धा. अडचण त्यापुढे होती. मुलगा यंत्र का झाला, याचं उत्तर शोधत ते आईपर्यंत गेले. चित्र त्यांच्या हातात साक्षीदार झालं आणि खटला भरला गेला आईवर.

हे सगळं दूर शिकागोत घडलं असं समजू नका. १९९० मध्ये आपा आणि दुल्हेभाई भाच्याला घेऊन एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडे गेले होते. सोबत मी. तज्ज्ञांनी वीस मिनिटं मुलाला पाहिलं आणि मग आपाला बाहेर न बसवता तिच्यासमोरच विचारलं, गरोदरपणी मूल हवं होतं का? दिवसभर शिलाईमशीनवर बसता, मुलाला जवळ किती वेळ घेता? आपा काही बोलली नाही. परतीच्या एस.टी.त ती पूर्ण वेळ मुलाला मांडीवर घट्ट धरून बसली होती. आणि तो नेहमीप्रमाणे अंग ताठ करून सुटायला बघत होता, कारण घट्ट धरलेलं त्याला सोसायचंच नाही. हे तिला माहीत होतं. तरी तिनं धरलं. तेवीस वर्षं जुनं एक पुस्तक त्या एस.टी.त आमच्यासोबत बसलं होतं, आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

वाईट याचं वाटतं, की तोवर तो खटला निकाली निघालेला होता. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलाचे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा मार्क स्वमग्न. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून पुराव्यानिशी मांडलं, की ही जन्मजात, मेंदूशी निगडित गोष्ट आहे. आईच्या मायेशी तिचा संबंध नाही. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून त्यांना निर्दोष ठरवलं. आणि रिमलंड यांचा हा मार्क मोठेपणी चित्रकार झाला. त्याच्या मांजरांच्या चित्रांचं एक पुस्तक १९९७ मध्ये निघालं. मजकूर त्याच्या बहिणीचा.

१९६७ मध्येच आलेलं दुसरं पुस्तक एका आईचं होतं. क्लारा क्लेबॉर्न पार्क, मॅसॅच्युसेट्सच्या. पुस्तकाचं नाव 'द सीज' म्हणजे 'वेढा'. किल्ल्याची उपमा इथंही आहे, पण इथं आई वेढा घालून बसली आहे. चिकाटीनं, एकेक दिवस, आत शिरायला वाट शोधत. त्यांची मुलगी जेसी १९५८ ची. पुढे तिनं काढलेली चित्रं पाहण्यासारखी आहेत: घरं, पूल, विजेच्या उपकरणांची बटणं. विटा न् विटा मोजून काढलेल्या, पण रंग असे की आपल्या डोळ्यांना कधी दिसणार नाहीत आणि मागे काळ्या आकाशात नक्षत्रं जागच्या जागी. जेसीनं एका कॉलेजच्या टपालखोलीत नोकरी केली आणि चित्रंही विकली. क्लाराबाईंनी २००१ मध्ये मुलीवर दुसरं पुस्तक लिहिलं; २०१० मध्ये त्या गेल्या.

आणि १९६७ मध्येच इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये नादिया जन्मली.

नादियाचे आईवडील युक्रेनमधून आलेले. मुलगी बोलेना, थंड नजरेनं बघे. ती साडेतीन वर्षांची असताना आईला काही महिने रुग्णालयात राहावं लागलं. आई घरी परतली तेव्हा मुलीला फार आनंद झाला, आणि त्याच सुमारास तिनं अचानक चित्रं काढायला सुरुवात केली. घोडे. साध्या बॉलपेननं, डाव्या हातानं. साडेतीन वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा एक गोल आणि त्याला दोन काड्या काढतं. मुलं दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात. नादियाचे घोडे वळलेले असत, उधळलेले असत. पुढचा पाय आपल्याकडे आलेला आणि मागचा लांब गेलेला, हे ती एका रेषेत दाखवी. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं बघून ती काही दिवसांनी आठवणीतून काढी, आणि काढताना घोड्याची दिशा बदले, आकार बदले, खोगिरावर दुसराच स्वार बसवे. म्हणजे ही नुसती नक्कल नव्हती. एका चित्रावर ती दुसरं काढी. कागदाची कड आली की रेषा तिथंच थांबे, मग घोड्याची मान निम्मी का राहीना.

१९७४ मध्ये आईनं तिला नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या बालविकास केंद्रात आणलं. तिथं लॉर्ना सेल्फ नावाची तरुण अभ्यासक होती. आईनं चित्रं दाखवली तेव्हा ती सहा वर्षांच्या मुलीनं काढली यावर विश्वास बसणं कठीण होतं. मग मुलीनं समोर बसून काढून दाखवलं. सेल्फ यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं आणि मानसशास्त्रज्ञ नि चित्रकार दोघंही चक्रावले. ज्या मुलीला दहाबारा शब्द येत नव्हते, तिची रेषा प्रबोधनकाळातल्या चित्रकारांची आठवण देत होती.

पुढची गोष्ट अवघड आहे. नादिया विशेष शाळेत गेली. तिथं ती थोडं बोलायला शिकली. दरम्यान तिची आई कर्करोगानं गेली. आणि नवव्या वर्षाच्या आसपास तिची चित्रं ओसरत गेली. अधूनमधून काढी, पण ती सामान्य मुलांसारखी. मोठेपणी तिनं चित्रं सोडली. नॉटिंगहॅममध्येच देखभालगृहात राहिली आणि २०१५ मध्ये वारली. तिची चित्रं आज लंडनच्या बेथलेम रुग्णालयाच्या संग्रहालयात आहेत.

पुस्तक आलं तेव्हापासून वाद सुरू झाला, की शब्द आले म्हणून चित्र गेलं का? मुलीला चार वाक्यं शिकवण्यासाठी तिची अजोड देणगी आपण हिरावली का? एकानं तर 'अलौकिक प्रतिभा काढून घेतल्यावर मागे उरतं काय' अशा अर्थाचा प्रश्न विचारला. मला तो प्रश्न क्रूर वाटतो. जिला भूक लागली, दुखतंय, हे सांगता येत नाही, तिला ते सांगता येणं ही मिळकत आहे. आणि प्रश्न विचारणाऱ्याला घोडे हवे होते, मुलगी नव्हे. पुन्हा, आई गेली हे आपण का विसरतो? आई घरी आली तेव्हा चित्रं आली. आई गेली त्या काळात चित्रं गेली. मी कारण सांगत नाही, नुसत्या दोन गोष्टी शेजारी ठेवतो.

याच नादियाच्या घोड्यांवरून निकोलस हम्फ्री या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये एक धाडसी विचार मांडला. फ्रान्समधल्या शोवे गुहेतली तीस हजार वर्षांहून जुनी चित्रं १९९४ मध्ये सापडली होती. तिथले घोडे आणि नादियाचे घोडे त्यानं शेजारी शेजारी ठेवले. तेच एकावर एक काढलेलं, तीच धावती रेषा. आपण म्हणतो, गुहेतल्या माणसाला इतकं सुंदर काढता आलं म्हणजे त्याची भाषा आणि बुद्धी आपल्यासारखीच असणार. हम्फ्री म्हणतो, नादियाकडे पाहा. भाषा नसतानाही असं काढता येतं. पुष्कळांना हे पटलेलं नाही. कवीला तर ते जरा अपमानास्पदच वाटतं. पण ओट्यावरचं इंजिन पाहिलेल्या माणसाला ते झटकून टाकता येत नाही.

आता माझ्यावर येतो.

लंडनचा स्टीफन विल्टशर १९७४ चा. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. तो तीन वर्षांचा असताना वडील अपघातात गेले. मुलगा बोलत नव्हता, इमारती काढत होता. शाळेतल्या शिक्षकांनी एक युक्ती केली: त्याचं चित्रांचं सामान काढून घेतलं. हवं असेल तर मागावं लागेल, मागायचं तर बोलावं लागेल. आणि तो बोलला. त्याचा पहिला शब्द 'पेपर', कागद. नवव्या वर्षापर्यंत तो नीट बोलायला लागला, आणि त्याची चित्रं गेली नाहीत, उलट वाढली. १९८७ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात वास्तुविशारद ह्यू कॅसन यांनी त्याला देशातला बहुधा सर्वोत्तम बालचित्रकार म्हटलं. २००५ मध्ये त्यानं हेलिकॉप्टरमधून एकदा टोकियो पाहिलं आणि दहा मीटर लांबीच्या पटावर ते आठवणीतून उतरवलं. २००६ मध्ये त्याला ब्रिटिश सरकारचा सन्मान मिळाला. शब्द आले की रेषा मरते, असा काही नियम नाही.

स्टीफनची ही गोष्ट मी १९९१ मध्ये वाचलेली नव्हती. पण युक्ती मला आपोआप सुचली होती. चित्रात सगळं निघून जातं, म्हणून तो बोलत नाही, असं माझं म्हणणं. खडू बंद करू, मागेल. बी.ए. झालेल्या मामूचं घरात सगळे ऐकत. खडू, कोळसा, पेन्सिली, सगळं एका पत्र्याच्या डब्यात घालून डबा कुलुपात ठेवला. तीन दिवस तो ओरडत होता, मनगट चावत होता. चौथ्या दिवशी त्यानं घरातला प्रत्येक कोपरा धुंडाळला. त्यानंतर त्यानं शोधणंही सोडलं. तीन आठवड्यांनी आम्ही घाबरून डबा त्याच्यापुढे रिकामा केला. त्यानं खडू लांबीप्रमाणे ओळीत लावले आणि उठून गेला. तो ओटा तसाच कोरा राहिला. 'खडू' हा शब्द त्यानं कधी उच्चारला नाही.

नादियाची चित्रं कुणी काहीच हिसकावून न घेता गेली, त्यामुळे भाच्याची कशामुळे गेली हे सांगता येत नाही, असं एका जाणकार बाईंनी मला पुढे समजावलं. असेल. मी त्या आडोशाला उभा राहत नाही.

त्या डब्याच्या आधीची एक गोष्ट राहिली. आमच्या घरात भिंतीवर सजीवाचं चित्र लावायची पद्धत नव्हती. मक्केचं कॅलेंडर तेवढं असायचं. एका सकाळी भाच्यानं आतल्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं शेजारची शेळी काढली. मान वळवून मागे बघणारी. अम्मी नमाजसाठी आली, क्षणभर थांबली, मुसल्ला उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेऊन अंथरला. पुढची दोन वर्षं ती तिथंच नमाज पढली. भिंत पुसा असं तिनं कुणालाच सांगितलं नाही. घरात सर्वांत कमी शिकलेली तीच होती.

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनाही मी एकदा त्याची जुनी चित्रं सांगून दाखवली होती. ओटा तोवर धुतला गेला होता. सर म्हणाले, मोठा झाला की एलिमेंटरीला बसवा. त्या परीक्षेत 'स्मरणचित्र' असा विषय असतो हे आपल्याला आठवत असेल. त्याची सगळी चित्रं स्मरणचित्रंच होती, पण 'बाजारातील दृश्य' काढ म्हटल्यावर तो काढणार नव्हता. त्याच्या स्मरणात काय राहावं हे परीक्षक ठरवू शकत नव्हते.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. अशी मुलं म्हणजे लपलेले चित्रकार, असा समज हल्ली चित्रपटांमुळे पसरला आहे. रिमलंड यांनी १९७८ मध्ये पाच हजारांवर मुलांच्या पालकांकडून माहिती घेतली, तेव्हा साधारण दहा टक्क्यांत काही विशेष देणगी आढळली, आणि त्यांतही संगीत पुढे. उरलेली मुलं रेघोट्या मारतात, तेच वर्तुळ शंभर वेळा गिरवतात, किंवा काहीच काढत नाहीत. त्यांच्या हातालाही खडू लागतो. टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकी प्राध्यापकबाईंनी १९९५ मध्ये लिहिलं, की त्या चित्रांत विचार करतात आणि शब्द ही त्यांच्यासाठी नंतर शिकलेली भाषा आहे. प्रत्येकाचं तसं असतं असं नाही, पण काहींचं असतं. मग आपण त्यांना सतत आपल्याच भाषेत परीक्षेला का बसवतो?

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पक्कं झालं. भाच्याच्या जुन्या दाखल्यावर 'मतिमंद' आहे. नवा दाखला काढायला दुल्हेभाई दोन वर्षं खेटे घालत होते.

भाचा आता चाळिशीला आला आहे. सत्तर-ऐंशी शब्द बोलतो. दुल्हेभाईंच्या सायकलच्या दुकानात चाकांचे तार ताणून देतो; चाक कुठं वाकडं फिरतंय हे त्याला बोट लावताच कळतं. छोटी गाडी २००७-०८ च्या सुमारास बंद झाली, तिथं आता मोठे रूळ आहेत. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, दुकान बंद होतं तेव्हा तो एक दिवस जुन्या बिलबुकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं काहीतरी काढताना आपाला दिसला. तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी बिलबुकं त्याच्या हाताशी ठेवली. तेव्हापासून तो काढतो. इंजिन नाही. चाकांचे तार, नुसते तार, एकमेकांवरून गेलेले. कागद संपतो तिथं रेघ संपते. आपा फोटो काढून मला पाठवते.

हे भाषण ध्वनिमुद्रित करण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवलं. एस.टी.चा प्रसंग आला तेव्हा ती गप्प होती. खडूचा भाग झाल्यावर मी थांबलो. ती म्हणाली, "सगळं आपल्या अंगावर का घेतो? डिब्बे की चाबी तो मेरे पास थी." मग म्हणाली, शनिवारी येताना बिलबुकं घेऊन ये, मागे कोरी असलेली. इथली संपली आहेत.